टपावर कॅरियर लावायचं की नाही?

टपावर सामान लादणं आपल्याला नवीन नाही. एसटीच्या मागची शिडी चढून टपावर गेलेल्या आंब्याच्या पेट्या आठवा. किंवा वडापची जीप आठवा: टपावर दुधाचे कॅन, दोन पोती, कोंबड्यांचं डालगं आणि त्यांच्या मधोमध निवांत बसलेला एखादा बाप्या. ड्रायव्हरला त्या ओझ्याचं काही वाटत नसे, कारण गाडी तीसच्या वेगानं चालायची आणि घाटातलं वळण अन् वळण त्याला पाठ असायचं.

तेच कॅरियर आता काळं पावडर कोटिंग लावून, 'रूफ रॅक' या नावानं परत आलंय. मारुती सुझुकीची जिम्नी किंवा महिंद्राची थार दारात आली की महिन्याभरात मालकाला ते खुणावू लागतं. दोन मित्र म्हणतात, त्याशिवाय गाडी पूर्ण दिसत नाही. तिसरा म्हणतो, मायलेज जाईल. आणि दुकानदार म्हणतो, साहेब, शंभर किलो आरामात घेतं. या सगळ्यांत जास्त चुकीचा माणूस कोण, तिथूनच सुरुवात करू.

शंभर किलो कोण घेतं?

दुकानदार खोटं बोलत नसतो. त्याचं कॅरियर शंभर किलोनं वाकत नाही, हे खरंच असतं. पण ते कॅरियर हवेत लटकत नाही, तुमच्या गाडीच्या टपावर बसतं, आणि टप किती पेलेल हे गाडी बनवणाऱ्या कंपनीनं ठरवलेलं असतं. दोन आकड्यांपैकी लहान असेल तो खरा.

जिम्नीचं उदाहरण घ्या. बाहेरच्या देशांत सुझुकीनं या गाडीच्या टपाची मर्यादा ३० किलो दिलेली आहे. वाचून धक्का बसतो, पण त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की या तीस किलोंत कॅरियरचं स्वतःचं वजनही धरायचं असतं. लोखंडी नळ्यांचं पूर्ण लांबीचं कॅरियर पंचवीस किलोंच्या घरात सहज जातं. म्हणजे उरले पाच किलो. पाच किलोंत दोन स्लीपिंग बॅगा आणि एक ताडपत्री बसेल. अ‍ॅल्युमिनियमचं हलकं कॅरियर घेतलं तर आणखी थोडं काही.

ही मर्यादा चालत्या गाडीची असते. गाडी उभी असताना तोच टप त्याच्या कितीतरी पट वजन सोसतो, आणि टपावरच्या तंबूत दोन माणसं झोपू शकतात ती याच हिशेबावर. गोंधळ इथेच होतो. 'अहो, वर दोन माणसं झोपतात, मग चाळीस किलो सामान ठेवलं तर काय बिघडलं?' उभ्या गाडीत वजन फक्त खाली दाबतं. चालत्या गाडीत ते उसळतं, मागं-पुढं ओढतं, आडवं झुकतं. डोक्यावर भरलेला हंडा घेऊन उभं राहणं वेगळं आणि तोच घेऊन पायऱ्या उतरणं वेगळं. खडबडीत वाटेवर तर हे धक्के इतके वाढतात की रॅक बनवणाऱ्या काही परदेशी कंपन्या स्वतःच सांगतात: डांबरी रस्त्यासाठी जो आकडा दिलाय तो कच्च्या वाटेसाठी दीडने भागा. म्हणजे पंच्याहत्तर किलोंचे पन्नास झाले.

आणि टपाच्या मर्यादेच्या वर आणखी एक मर्यादा बसलेली असते, जी बहुतेक जण बघतच नाहीत. पाच दारांच्या जिम्नीचं रिकामं वजन बाराशे किलोंच्या आसपास आहे आणि सगळं मिळून जास्तीत जास्त वजन १५४५ किलो. मधल्या फरकात माणसं, सामान, पुढे लावलेला लोखंडी बंपर, विंच (अडकलेली गाडी दोरानं ओढून काढायचं यंत्र), सगळं आलं. सत्तर किलोंची चार माणसं बसली की २८० गेले. शिल्लक साठ-पासष्ट. आता टपावर कॅरियर लावलं म्हणून हा आकडा एका ग्रॅमनंही वाढत नाही, उलट कॅरियरचे वीस-पंचवीस किलो त्यातूनच वजा होतात. थोडक्यात, कॅरियरनं तुम्हाला जागा मिळते आणि वजनाची मुभा कमी होते. घरात माळा बांधला म्हणून पगार वाढत नाही, तसंच हे.

उसाची गाडी आणि गुरुत्वमध्य

हंगामात साखर कारखान्याच्या रस्त्यावर ट्रॉलीमागं गाडी चालवलेल्या कुणालाही गुरुत्वमध्य म्हणजे काय हे शिकवावं लागत नाही. एक चाक साइडपट्टीवरून उतरलं की तो उसाचा डोंगर कसा झुलतो, ते पाहून आपण आपोआप ब्रेक दाबतो. बैलगाडी हाकणाऱ्यांकडे तर यासाठी स्वतंत्र शब्द आहे. मागे जास्त भरलं तर गाडी 'उलाळ' होते, म्हणजे पुढून उचलते. वजन किती भरलं याइतकंच ते कुठे भरलं याला महत्त्व असतं, हे त्या एका शब्दात आलंय.

आता आकड्यांत पाहू. माणसं आणि आतलं सामान धरून गाडी १४०० किलो, आणि तिचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ७० सेंटीमीटरवर आहे असं गणितापुरतं धरू. डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर जिम्नीत साधारण १.४ मीटर आहे. ही गाडी आडव्या उतारावर हळूहळू तिरकी करत नेली, तर कागदावर ती ४५ अंशांना कलंडेल, कारण तिथे गुरुत्वमध्यातून सोडलेला ओळंबा खालच्या चाकाच्या बाहेर जातो. आता टपावर कॅरियरसकट ७० किलो ठेवा, जमिनीपासून १.९ मीटर उंचीवर. नवा गुरुत्वमध्य जातो जवळपास ७६ सेंटीमीटरवर, आणि कलंडायचा कोन उतरतो ४३ अंशांच्या थोडा खाली.

'एवढंच? दोन अंश?' असं कुणीही म्हणेल. मीही पहिल्यांदा हे गणित मांडलं तेव्हा असंच म्हणालो होतो. पण प्रत्यक्षात आपण गाडी शून्यावरून थेट ४५ अंशांवर नेत नाही. समजा वाट २५ अंश तिरकी आहे. तेवढ्यात खालच्या बाजूचं चाक पंचवीस सेंटीमीटरच्या खड्ड्यात गेलं, किंवा वरचं तेवढ्या उंचीच्या धोंड्यावर चढलं. १.४ मीटर रुंदीच्या गाडीत हा फरक दहा अंशांचा झाला. झाले ३५. आता आपल्याकडे कागदावरचे दहा अंश शिल्लक होते, त्यातले दोनहून जास्त टपावरच्या सामानानं खाल्ले. शिल्लक पुंजीचा पाचवा हिस्सा गेला. शिवाय खऱ्या गाडीत स्प्रिंगा दबतात, टायर चेपतात, बॉडी खालच्या बाजूला आणखी झुकते आणि वरच्या वजनामुळे ती थोडी जास्तच झुकते. त्यामुळे ४५ चा आकडा मुळातच आशावादी असतो.

झुकण्याइतकाच त्रास झोक्याचा असतो. टपावरचं वजन खड्ड्यात गाडीला एकदा हलवून थांबत नाही. गाडी डावीकडे गेली, आता सावरतेय असं वाटतं न वाटतं तोच ती उजवीकडे जरा जास्तच जाते. डांबरी रस्त्यावर हेच अचानक लेन बदलताना किंवा आडवं कुत्रं आल्यावर जाणवतं. घाटात नेहमीच्या वळणाला नेहमीच्या वेगानं शिरलो आणि गाडी ओळखीची वाटेना, असं झालं तर टपाकडे बघा.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. आपल्यापैकी बहुतेक जण ज्याला ऑफ-रोड म्हणतात ती म्हणजे धरणाच्या कडेची मातीची वाट. तिथे २५ अंशांचा आडवा उतार येत नाही. लोणावळ्याहून राजमाचीला, उधेवाडीकडे जाणारी वाटसुद्धा कोरड्या दिवसांत बहुतेक ठिकाणी सरळच आहे. तिथे दगड आणि पावसाळ्यातला चिखल हा खरा प्रश्न असतो. पण अशा वाटांवर टपावरच्या सामानाला वेगळाच शत्रू भेटतो: फांद्या. जंगलातल्या वाटेची 'उंची' बैलगाडी आणि जीप यांच्या येण्या-जाण्यानं ठरलेली असते. तुमची गाडी पावणेदोन मीटरची असताना तिला काही होत नाही. तीच कॅरियर आणि सामान धरून सव्वादोन मीटर झाली की प्रत्येक आंब्याची आणि ऐनाची फांदी आपली दखल घेते. मी एकदा अशाच एका वाटेवर सोबत्याला पुढे पायी चालवत, फांद्या काठीनं उचलून धरत अर्धा किलोमीटर काढला आहे. सोबती अजून ते ऐकवतो.

वारा, पेट्रोल आणि गुणगुण

वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गानं वाढतो. सत्तरच्या वेगाला जेवढा विरोध, त्याच्या दुप्पट शंभरला. त्यामुळे कॅरियरचा भुर्दंड कच्च्या वाटेवर, वीसच्या वेगाला, जवळजवळ नसतोच. तो बसतो तिथवर पोचण्याच्या महामार्गावर. आणि महाराष्ट्रातून स्पिती किंवा लडाखला जायचं तर महामार्गच जास्त. पुण्याहून मनालीच दोन हजार किलोमीटरच्या आसपास.

अमेरिकी सरकारच्या इंधनविषयक माहितीत टपावरच्या मोठ्या सामानपेटीसाठी दिलेले आकडे असे: शहरात मायलेज २ ते ८ टक्क्यांनी घटतं, महामार्गावर ६ ते १७ टक्क्यांनी, आणि ताशी १०५ ते १२० किलोमीटरच्या सलग वेगाला १० ते २५ टक्क्यांनी. तेच सामान गाडीच्या मागे लावलेल्या पेटीत ठेवलं तर महामार्गावर फक्त १ ते ५ टक्के. वारा समोरून येतो. गाडीच्या पाठीमागे लपलेली वस्तू त्याला फारशी दिसत नाही.

आपला हिशेब करू. मनालीला जाऊन-येऊन चार हजार किलोमीटर, लिटरला १३ चं मायलेज, म्हणजे ३०८ लिटर. दहा टक्के घट धरली तर साधारण ३४ लिटर जास्त. लिटरला १०४ रुपये धरले तर साडेतीन हजार. एवढ्या मोठ्या सहलीत हे फार नाही, आणि सामानामुळे मागची सीट मोकळी राहून चौघं जण सुखानं बसणार असतील तर मी ते आनंदानं देईन. माझा आक्षेप वेगळ्या खर्चावर आहे. सहल झाली वर्षातून एकदा, आणि रिकामं कॅरियर टपावर राहिलं बाराही महिने. ऑफिसला जाताना, भाजी आणताना, लग्नाला जाताना. वर्षाला १२,००० किलोमीटर आणि नुसती पाच टक्के घट धरली तरी जवळपास पन्नास लिटर पेट्रोल हवेला ढकलण्यात गेलं. ते पाच हजार रुपये दिसत नाहीत, कारण ते दर आठवड्याला शंभर-शंभर करून जातात.

आता गुणगुण. ज्यांनी कॅरियर लावलंय त्यांना हा आवाज माहीत आहे: ऐंशीच्या पुढे कुणीतरी टपावर बसून तानपुरा छेडतंय असं वाटतं. गोल नळीवरून हवा वाहते तेव्हा नळीमागे एकदा वरून, एकदा खालून असे भोवरे सुटत राहतात. अडीच सेंटीमीटर जाडीच्या नळीमागे शंभरच्या वेगाला हे भोवरे सेकंदाला सव्वादोनशेच्या आसपास सुटतात, आणि तेवढी कंपनं म्हणजे आपल्या कानाला स्पष्ट सूर. नळी जाड असली की सूर खाली येतो, वेग वाढला की वर जातो. यावरचा इलाज फुकट आहे. पुढच्या आडव्या नळीभोवती दोरी मळसूत्रासारखी, अंतर ठेवून गुंडाळा. भोवरे मग एका तालात सुटत नाहीत आणि सूर मोडतो. कारखान्यांच्या उंच धुराड्यांच्या वरच्या भागात गोल फिरत गेलेल्या पट्ट्या पाहिल्या असतील. त्या याच कारणासाठी असतात. तिथे आवाजाची नाही, धुराडं हलण्याची भीती असते.

गाडीगणिक उत्तर बदलतं

तीन दारांच्या थारचा हार्ड टॉप फायबरचा आहे आणि सॉफ्ट टॉप तर कापडच. त्यावर थेट वजन ठेवण्याचा विचारही करू नये. थारसाठी जी कॅरियर मिळतात त्यातली बरी ती, जी बाहेरून पिंजऱ्यासारखी उतरून आपलं वजन गाडीच्या बॉडीवर टाकतात. टपाला भोकं पाडून बसवणारी मिळतात, ती घेऊ नका. फायबर असो वा पत्रा, भोक म्हणजे पुढच्या जूनमध्ये आतल्या अस्तरावर पडलेला ओला डाग. कोकणात राहणाऱ्यांना तर पत्र्याच्या भोकातून गंज कसा पसरतो हे मी सांगायला नको.

पाच दारांच्या थार रॉक्सचा टप पत्र्याचा आहे, पण वरच्या मॉडेलांत मोठं काचेचं सनरूफ येतं. टपावर काच पाहिजे की सामान, हे गाडी बुक करतानाच ठरवावं लागतं. जिम्नीला जुन्या गाड्यांसारखी कडेची पन्हळ आहे, म्हणजे पावसाचं पाणी वाहून नेणारी ती पट्टी. तिला पकडून कॅरियर बसतं, भोक पाडावं लागत नाही. बसवण्याची सोय उत्तम, वजनाची मर्यादा तुटपुंजी, असा तिचा स्वभाव. आकुर्डीच्या फोर्स मोटर्सच्या गुरखाला कॅरियर आणि मागची शिडी कंपनीच्याच अ‍ॅक्सेसरीत मिळते, आणि पाच दारांच्या गुरखात तिन्ही रांगांत माणसं बसली की सामानाला जागाच उरत नाही. तिथे कॅरियर ही हौस राहत नाही.

कायद्याबद्दल थोडं. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ सांगतं की नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील मूळ कंपनीनं दिलेल्या तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये ही भूमिका ठामपणे मांडली. नट-बोल्टवर बसणारं, काढता येणारं, गाडीच्या कंपनीच्या अ‍ॅक्सेसरी यादीतलं कॅरियर आणि वेल्डिंग करून कायमचं बसवलेलं कॅरियर, यांकडे रस्त्यावरचा अधिकारी सारख्या नजरेनं बघणार नाही. पहिलं घ्या, बिल जपून ठेवा, आणि विमा कंपनीला लेखी कळवा. टपावर लाईटची पट्टी लावली असेल तर रस्त्यावर ती झाकलेली आणि बंद. समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत ती मारणं हा गाढवपणा आहे, त्याला कलम लागतं की नाही ही नंतरची गोष्ट.

आधी घरात सामान मांडा

कॅरियर घेण्यापूर्वी एक रविवार खर्च करा. सहलीला नेणार ते सगळं सामान हॉलमध्ये मांडा. वजनकाट्यावर आधी नुसते उभे राहा, मग बॅग घेऊन उभे राहा, फरक लिहून ठेवा. गंमत अशी की बहुतेकांचं सामान जागेला जास्त होत नाही, वजनालाच जास्त होतं. पाण्याचा वीस लिटरचा कॅन म्हणजे वीस किलो. हाय-लिफ्ट जॅक तेरा किलो. हवेचा पंप, शॅकल म्हणजे ओढपट्टा अडकवायची लोखंडी कडी, ओढायचा पट्टा, अवजारांची पेटी, हे सगळं आकारानं लहान आणि वजनाला भारी. या वस्तू टपावर गेल्या तर आपण वरचं सगळं गणित स्वतःच्या हातानं बिघडवलं. त्यांची जागा गाडीच्या तळाशी, मागच्या चाकांच्या पुढे, सीटच्या पाठीला टेकून.

टपावर शोभतं ते फुगीर आणि हलकं: स्लीपिंग बॅगा, फोमच्या गाद्या, जमिनीवर लावायचा तीन-चार किलोंचा तंबू, घड्या घालायच्या खुर्च्या. चिखलात चाकाखाली घालायच्या ट्रॅक्शन बोर्डची जोडी सात किलोंच्या आसपास असते आणि वापरल्यावर ती चिखलानं माखलेली असते. ती वर असलेली बरी, आतल्या कपड्यांवर नको.

टपावरच्या तंबूचा मोह मला समजतो. फोटो सुंदर येतात, रात्री विंचवाची भीती नाही, पाच मिनिटांत घर तयार. पण दोघांचा असा तंबू पन्नास ते सत्तर किलोंचा असतो. जिम्नीच्या तीस किलोंत तो कॅरियर न धरताही बसत नाही. ज्या गाडीच्या पुस्तिकेत टपाला शंभर किलो दिलेत तिथे विचार करावा. आणि तेव्हाही लक्षात असू द्या की सकाळी नुसतं दूध आणायला गावात जायचं तरी घर गुंडाळून सोबत न्यावं लागतं.

राहिलं जास्तीचं इंधन. लडाखच्या वाटेवर लाहौलमध्ये टांडीच्या पंपावर 'पुढचा पंप ३६५ किलोमीटर' अशी प्रसिद्ध पाटी आहे, आणि ती पाहिली की प्रत्येकाला टपावर जेरीकॅन दिसू लागतो. गणित करा. जिम्नीची टाकी ४० लिटर. चढ, कमी गिअर, थंडी धरून लिटरला दहा मिळाले तरी चारशे किलोमीटर. टांडीला टाकी गच्च भरली तर लेह गाठता येतं, पण वाट वाकडी केली तर हात आखडेल. मग वीस लिटरचा एक कॅन न्या. पेट्रोलियम कायद्यानुसार विक्रीसाठी नसलेलं तीस लिटरपर्यंत पेट्रोल परवान्याशिवाय नेता येतं. पण भरलेला लोखंडी कॅन वीस किलोंचा होतो, उन्हात तापतो, फुगतो आणि आपल्या डोक्यावर असतो. टपाची मर्यादा पुरेशी असेल तरच वर, आडव्या पट्ट्यांनी घट्ट बांधून. टाकीत जागा झाली की पहिल्या सपाट जागी थांबून तो आत रिकामा करा. रिकामा कॅन वर राहिला तर कुणाचं काही बिघडत नाही.

मांडलेलं सामान आणि गाडीची जागा जुळवून पाहिली की उत्तर बहुधा तिथेच मिळतं. दोघंच जात असाल तर मागची सीट पाडा. जिम्नीत सीट उभी असताना २०८ लिटर जागा असते, पाडली की ३३२, तीही फक्त सीटच्या पाठीच्या उंचीपर्यंत मोजलेली. दोन माणसांना पंधरा दिवसांना ती पुरते. पुरत नसेल तर कॅरियर न घेता बॅगा उघडून बघा. तिघं असाल तर सीटचा अर्धा भाग पाडून भागतं. चौघं, मुक्काम तंबूत, चार दिवसांहून जास्त, आणि लहान डिकीची गाडी: इथे कॅरियर खरोखर कामाला येतं, आणि मी बिनधास्त घ्या म्हणेन. शनिवार-रविवार ताम्हिणीत जाऊन संध्याकाळी घरी येणाऱ्याला त्याचा काही उपयोग नाही. नुसतं दिसायला छान म्हणून घेणार असाल तर घ्या बापडे, गाडी तुमची आहे. फक्त पाच हजारांचं पेट्रोल हा त्या शोभेचा वार्षिक हप्ता आहे हे बायकोला आधीच सांगून ठेवा.

घेतलंच तर

हलकं, अ‍ॅल्युमिनियमचं आणि दोन जणांना अर्ध्या तासात काढता येईल असं घ्या. अर्ध्या तासाची अट महत्त्वाची आहे, कारण काढायला दोन तास लागले तर आपण ते काढणारच नाही. पायांखाली रबर हवंच, आणि महिन्याभरानं एकदा ते उचलून खालची माती पुसायची. ओली माती आणि कंप मिळून पॉलिश पेपरचं काम करतात, रंग जातो.

बोल्ट बसवल्यावर पन्नास किलोमीटरला एकदा, मग रोज सकाळी तपासायचे. कच्च्या वाटेवर ते सैल होतात. मी हातानं फिरवता येईल इतका सैल बोल्ट पाहिलाय, आणि तो माझाच होता. सामान बांधायला रबराचे हूक वापरू नका, ते ताणले जातात आणि सामान उड्या मारतं. रॅचेटचे, म्हणजे खटक्यानं आवळता येणारे पट्टे घ्या. पट्ट्याला एक पीळ देऊन बांधा, म्हणजे वाऱ्यात तो फडफडत नाही. ताडपत्री समोरून खाली दुमडून घ्यायची, कडा समोर उघडी राहिली तर पहिल्याच घाटात तिची पताका होते. पावसाळ्यात ताडपत्रीवर भरवसा नको, आत प्रत्येक वस्तू प्लॅस्टिकच्या पिशवीत. भिजलेली फोमची गादी कोरडीच्या कितीतरी पट जड होते, आणि ते वजन आपण मोजलेलं नसतं.

गाडीची नवी उंची सेंटीमीटरमध्ये मोजून चिकटपट्टीवर लिहा आणि ती स्टिअरिंगच्या वर, डोळ्यांसमोर लावा. मॉलच्या तळघराच्या तोंडाशी '२.१ मीटर' अशी पाटी असते आणि मागे पाच गाड्या हॉर्न वाजवत असतात. तेव्हा आठवत नाही.

माझं कॅरियर सध्या गॅलरीत भिंतीला टेकून उभं आहे. त्याला मी अठरा हजार मोजले आणि पहिलं वर्षभर ते टपावरून उतरवलं नाही. वर दिलेला पन्नास लिटरचा हिशेब तेव्हाचा आहे. आता ते वर्षातून दोनदा चढतं. बोल्ट आणि रबरं चटणीच्या जुन्या बरणीत घालून बरणी नळीलाच बांधून ठेवली आहे, कारण गेल्या वर्षी कॅरियर सापडलं, बोल्ट सापडले नाहीत, आणि आम्ही चौघं जण गाद्या मांडीवर घेऊन गेलो होतो.